न मोजलेली जागा : किनारा, सर्वेक्षण-जहाज आणि मराठवाडा



ज्या शिक्षकांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हयातभर भूगोल शिकवला. म्हणून मी नकाशाचा विषय निवडला. मात्र नकाशा आहे समुद्राचा, आणि तो काढणाऱ्या जहाजांचा. मराठवाड्यात बसून जहाजांच्या गोष्टी कशाला, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच म्हणावा लागेल. आपल्या आठही जिल्ह्यांत समुद्र नाही. मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, तेही चहूबाजूंनी जमिनीने वेढलेले होते. एवढी श्रीमंत दौलत, पण स्वतःचे बंदर नाही. अखेरच्या दिवसांत निजामाच्या दरबाराने पोर्तुगिजांशी गोव्याबद्दल बोलणी करून पाहिली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात सामील झाल्यावर तो विषयच संपला.

तरीही समुद्र आपल्यापासून वाटतो तेवढा लांब नाही. नांदेडच्या किंवा परभणीच्या स्थानकावर फलाटाच्या टोकाला जी पिवळी पाटी असते, तिच्यावर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ही सपाटी कोणी तरी, कुठे तरी, वर्षानुवर्षे भरती-ओहोटी मोजून ठरवली आहे. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून पाण्याच्या पातळीची सलग नोंद होते आहे. मुंबई, कारवार, कोचीन, मद्रास, विशाखापट्टणम, कराची अशा नऊ ठिकाणच्या नोंदींवर १९०९ साली देशभरच्या उंचींचे गणित बसवले गेले. लातूर नांदेडपेक्षा उंचावर आहे असे आपण म्हणतो तेव्हा आपण समुद्राचीच साक्ष काढत असतो.

दुसरा धागा गोदावरीचा. नांदेडच्या घाटांवरून वाहणारा गाळ कुठे जातो? तो आंध्रच्या किनाऱ्यावर, काकीनाड्याजवळ जाऊन बसतो. तिथे होप आयलंड नावाचा वाळूचा लांबच लांब दांडा आहे. गोदावरीच्या गाळाने तो गेल्या दोनेकशे वर्षांत घडवला. आपल्या काळ्या मातीचा अंश तिथल्या सागरी नकाशात उमटला, आणि त्या दांड्याने नकाशा वारंवार बदलायला लावला. आता पैठणपासून विष्णुपुरीपर्यंत धरणे-बंधारे गाळ अडवतात. त्याचाही परिणाम त्या किनाऱ्यावर होतोच.

आज ज्यासाठी उभा आहे तो तिसरा धागा मात्र जास्त खोल आहे. समुद्राचा नकाशा काढणाऱ्यांना एक धडा फार लवकर घ्यावा लागला. नकाशावरची कोरी जागा निर्धोक असते असे मानून चालत नाही. तिचा अर्थ एवढाच की तिथे अजून कोणी मोजलेले नाही. जमिनीवर राहणाऱ्या आपल्याला हा धडा १९९३ साली किल्लारीच्या भूकंपात मिळाला. त्याची किंमत काय होती, हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही.

तांडेलांचा किनारा

इंग्रजांनी नकाशे काढण्यापूर्वी कोकणचा किनारा अनोळखी होता असे समजू नये. तो लोकांना पाठ होता. कुठल्या खाडीच्या मुखाशी वाळूचा बांध आहे, कुठले खडप ओहोटीला डोके वर काढते, कुठल्या डोंगराची आणि देवळाची रेघ जुळली की गलबत वळवायचे, हे सगळे तांडेलाच्या, म्हणजे गलबत हाकणाऱ्या नाखव्याच्या, डोक्यात असे. मुलगा बापाबरोबर होडीत बसून ते शिके. १६६४ च्या नोव्हेंबरात मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले, तेव्हा ही जागा निवडण्यामागे हेच ज्ञान होते. किल्ल्याभोवतीच्या खडपांतून वाट कुठे आहे हे माहीत नसलेले परके जहाज तिथे आपोआप अडते.

या ज्ञानाला दोन मर्यादा होत्या. ते माणसाबरोबर जाई, आणि ते आपल्या पट्ट्यापुरते असे. मालवणच्या तांडेलाला मालवण पाठ. काठेवाडच्या किनाऱ्यावर तो पाहुणाच. शिवाय ते ज्ञान गुपित म्हणूनही जपले जाई, कारण त्यावर रोजीही अवलंबून होती आणि लढाईही.

विजयदुर्गाच्या पश्चिमेला, मालवणपासून सुमारे शंभर किलोमीटर आत, समुद्राखाली प्रवाळांचे एक मोठे पठार आहे. त्याच्या माथ्यावर पाणी जेमतेम वीस-पंचवीस मीटर, आणि आजूबाजूला एकदम शेकडो मीटर खोल. सागरी नकाशांत त्याचे नाव आहे आंग्रिया बँक. ज्या कान्होजी आंग्र्यांशी इंग्रजांनी आयुष्यभर वैर धरले, त्यांचेच नाव त्यांना या पठाराला द्यावे लागले.

चुकीच्या नकाशाची किंमत

ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे दीडशे वर्षे हिंदी महासागरात फिरत होती, तरी त्यांचे नकाशे बरेचसे ऐकीव होते. अक्षांश सूर्यावरून बऱ्यापैकी ठरवता येई. रेखांशाचे मात्र हाल होते. अचूक घड्याळे जहाजांवर सरसकट येईपर्यंत बेटे नकाशांवर कित्येक मैल इकडेतिकडे सरकत राहिली. ३० मे १७८६ रोजी 'ॲटलस' नावाचे जहाज दिएगो गार्सिया बेटावर आपटून फुटले. नकाशानुसार बेट तिथे नसायला हवे होते. जहाजावर जेम्स हॉर्सबर्ग नावाचा तरुण अधिकारी होता. तो वाचला, आणि पुढची वीसेक वर्षे त्याने भेटेल त्या जहाजाच्या रोजनिशा तपासून नोंदी गोळा केल्या. १८०९ पासून त्याचा पौर्वात्य समुद्रांवरचा मार्गदर्शक ग्रंथ छापला गेला, १८१० मध्ये तो कंपनीचा जलसर्वेक्षक झाला, आणि पुढे कित्येक दशके कप्तानांच्या टेबलावर त्याचे पुस्तक राहिले.

'ॲटलस' फुटले त्याच सुमारास, १७८० च्या दशकाच्या अखेरीस, मुंबईच्या कंपनी आरमारातल्या जॉन मॅकक्लुअर याने पश्चिम किनाऱ्याची मोजणी केली. त्याचे नकाशे लंडनमध्ये अलेक्झांडर डॅलरिम्पल छापत असे. यातले राजकारण लक्षात घ्या. कोकणचा बराचसा किनारा तेव्हा मराठ्यांचा होता. विजयदुर्ग पेशव्यांकडे, सिंधुदुर्ग कोल्हापूरकरांकडे. किल्ल्यांवर भगवे फडकत असताना समोरच्या पाण्यातून एक परके जहाज खोली मोजत पुढे जात होते. तोफ डागण्यासारखे त्यात काही दिसत नव्हते. पण त्या कागदावर आकडे उमटले आणि तांडेलांचे गुपित गुपित राहिले नाही.

मोजणी आधी सत्तेसाठी होते, हे इथे मान्य करून टाकू. सुएझपासून एडनपर्यंत पुढे हेच घडलेले दिसेल.

आकडा येतो कसा

आधी त्या काळी जहाजावर काम चाले कसे, ते पाहू. किनाऱ्यावर डोंगरमाथे, देवळांची शिखरे, किल्ल्यांचे बुरूज अशा ठळक खुणा त्रिकोणांनी एकमेकींशी जोडल्या जातात. मग लहान होडी ठरवलेल्या रेषेवर चालते. होडीत एक माणूस शिशाचा वजनी गोळा बांधलेला दोर पाण्यात सोडतो. दोरावर वावांच्या खुणा असतात. तळ लागला की तो आकडा ओरडतो. गोळ्याच्या बुडाशी खळगा असतो, त्यात चरबी भरलेली असते. तिला वाळू, चिखल, शिंपले, जे काही तळाशी असेल ते चिकटून वर येते, म्हणजे नांगर धरेल की नाही तेही कळते. त्याच क्षणी दुसरा अधिकारी सेक्स्टंट आडवा धरून किनाऱ्यावरच्या तीन खुणांमधले दोन कोन मोजतो. त्या दोन कोनांवरून होडीची नेमकी जागा कागदावर ठरते. तिसरा माणूस वेळ लिहितो, कारण किनाऱ्यावर रोवलेल्या पट्टीवर भरतीचे पाणी त्या वेळी किती चढले होते ते पाहून आकड्यातून वजा करायचे असते. नकाशावरचा आकडा नेहमी ओहोटीच्या खालच्या पातळीपासूनचा असतो. कप्तानाने वाईटात वाईट धरूनच निघावे, असा त्यामागचा हिशेब.

हे झाले एका आकड्याचे. होडी पुढे सरकते आणि पुन्हा तेच. अशा ओळींमागून ओळी, महिनोन्महिने.

आता या पद्धतीतली खोट पाहा. दोर पडतो तिथेच तळ कळतो. दोन आकड्यांमध्ये काय आहे ते कळत नाही. एक ओळ आणि पुढची ओळ यांच्यामध्ये दोनशे मीटरचे अंतर असेल, तर त्या पट्ट्यात सुईसारखा सुळका उभा असला तरी कागदावर दोन्ही बाजूंना सुरक्षित आकडे दिसतील. अनुभवी सर्वेक्षक म्हणूनच पाण्याचा रंग, लाटांचे फुटणे आणि स्थानिक कोळ्यांचे म्हणणे नोंदवहीत लिहून ठेवत. यंत्राच्या फटीतून जे निसटते ते माणसाच्या बोलण्यातून पकडायचे.

पालिन्युरस आणि बनारस

१८३० च्या २० मार्चला मुंबई गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट सुएझकडे निघाली आणि महिनाभराने तिथे पोहोचली. वाफेच्या जोरावर मुंबई आणि युरोप जवळ येऊ शकतात, हे तिने सिद्ध केले. पण तांबडा समुद्र म्हणजे दोन्ही बाजूंना प्रवाळांची जाळी. वाऱ्यावर चालणारी जहाजे दिवसा, माहीतगार अरब वाटाड्यांच्या भरवशावर जात. आगबोटीला रात्रीही चालायचे होते. म्हणून १८२९ ते १८३४ या काळात दोन जहाजांनी तो समुद्र मोजून काढला: उत्तरेचा भाग 'पालिन्युरस'वरून रॉबर्ट मोर्सबी याने, दक्षिणेचा भाग 'बनारस'वरून टॉमस एल्वन याने. 'बनारस' प्रवाळांवर इतक्या वेळा चढली की ती परत आली हेच नवल. उन्हाळ्यात डेकवरचे डांबर वितळे, पाणी तुटपुंजे असे, ताप आणि आमांश माणसे नेत. त्या कामाच्या नकाशांवर सुएझ कालवा खुला होईपर्यंत आणि त्यानंतरही आगबोटी चालल्या.

मोर्सबी पुढे मालदीवला गेला, मग चागोसला. हॉर्सबर्गचे जहाज ज्या बेटावर फुटले ते दिएगो गार्सिया याच द्वीपसमूहात आहे. पन्नास वर्षांनी ती बेटे नकाशावर आपल्या जागी आली. या मोजणीचा आणखी एक वाचक निघाला, तो म्हणजे चार्ल्स डार्विन. प्रवाळबेटे कशी तयार होतात यावरचे त्याचे पुस्तक १८४२ साली आले. मालदीवला डार्विन कधी गेलाच नव्हता. त्याने मोर्सबीचे नकाशे वाचले, खोलीचे आकडे वाचले, आणि जमीन हळूहळू खाली बसत जाते तसे प्रवाळ वर वर वाढत राहते, या आपल्या मांडणीला त्यांचा आधार घेतला. जहाजे बुडू नयेत म्हणून घेतलेला आकडा पृथ्वीच्या इतिहासाचा पुरावा ठरला. आकडा छापून उघड झाला होता म्हणूनच हे शक्य झाले.

दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच पालिन्युरसवरून स्टॅफर्ड हेन्स याने अरबस्तानचा दक्षिण किनारा मोजला. एडनच्या बंदराची खोली, नांगराची जागा, तटबंदी हे सारे त्याला माहीत झाले. जानेवारी १८३९ मध्ये एडन इंग्रजांनी जिंकले आणि हेन्स तिथला कारभारी झाला. शेवटी हिशेबातल्या तुटीवरून मुंबईच्या तुरुंगात त्याची सहा वर्षे गेली, आणि सुटल्यावर काही दिवसांतच तो वारला. नकाशा काढणारा आणि किल्ला घेणारा एकच माणूस, हे त्या काळात अपवादात्मक नव्हते.

जमिनीवरचे त्रिकोण आणि आपला परिसर

समुद्रातली मोजणी जमिनीवर टेकल्याशिवाय उभी राहत नाही. किनाऱ्यावरची खूण चुकीच्या जागी असेल, तर तिच्या आधाराने घेतलेला प्रत्येक आकडा चुकतो. १८०२ च्या एप्रिलमध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासला पायारेषा मोजली आणि तिथून त्रिकोणांची साखळी पश्चिम किनाऱ्यावर मंगळूरपर्यंत नेली. तेव्हा उघड झाले की त्या ठिकाणी भारताची रुंदी नकाशांत दाखवली होती त्यापेक्षा सुमारे ४० मैलांनी कमी आहे. म्हणजे एक किनारा किंवा दोन्ही किनारे तोपर्यंत कागदावर भलत्याच जागी होते.

लॅम्बटनची मुख्य साखळी उत्तरेकडे, हैदराबाद संस्थानातून सरकली. बीदरजवळ दामरगिद्दा इथे १८१५ मध्ये पायारेषा मोजली गेली. उदगीर-देगलूरच्या लोकांना ही जागा परकी नाही. आपल्या सीमेपासून ती थोडीच पलीकडे आहे. तिथून पुढची साखळी आजच्या नांदेड जिल्ह्याच्या पूर्व भागावरून वऱ्हाडाकडे गेली. लॅम्बटन १८२३ च्या जानेवारीत वाटेतच, हिंगणघाटला वारला. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्टने चालवले. कृष्णा-गोदावरीच्या रानातल्या तापाने तो आधीच एकदा मरता मरता वाचला होता. पाचशे किलो वजनाचे कोनमापक यंत्र माणसांच्या खांद्यांवरून टेकडीवर न्यायचे, झाडे तोडून दृष्टी मोकळी करायची, आणि धुरकट हवा निवळण्याची वाट पाहायची. ज्यांच्या खांद्यांवर ते यंत्र होते त्यांची नावे कुठल्याही अहवालात नाहीत. पण मराठवाड्याच्या टेकड्यांवरून गेलेल्या त्या रेषांच्या आधारावर पुढे दोन्ही किनाऱ्यांचे नकाशे सरळ झाले. समुद्र मोजण्यात मराठवाड्याचा हा वाटा आहे.

इन्व्हेस्टिगेटर : मुंबईत बांधलेले जहाज

१८६३ साली कंपनीच्या काळातले हिंदी आरमार मोडण्यात आले आणि त्याबरोबर सर्वेक्षणही थंडावले. बंदरे वाढत होती, आगबोटी मोठ्या होत होत्या, आणि नकाशे जुने होत होते. अखेर १८७४ मध्ये कलकत्त्यात सागरी सर्वेक्षण खाते सुरू झाले. त्याच्यासाठी मुंबई गोदीत एक लाकडी, बाजूला चाके असलेली आगबोट बांधली गेली. १८८१ मध्ये ती पाण्यात उतरली. तिचे नाव 'इन्व्हेस्टिगेटर'.

हिवाळा-उन्हाळ्यात ही आगबोट ब्रह्मदेश, अंदमान, ओरिसा, कोकण अशा किनाऱ्यांवर काम करी; पावसाळ्यात नोंदींवरून नकाशे रेखाटले जात. ती ज्या दलाची होती त्या रॉयल इंडियन मरीनच्या जहाजांवर खलाशी म्हणून रत्नागिरी किनाऱ्याचे लोक मोठ्या संख्येने असत. दोर फेकणारे, आकडा ओरडणारे हात त्यांचे होते. ज्यांच्या आज्यापणज्यांनी किनारा पाठ केला होता, त्यांचे नातू आता तो कागदावर उतरवत होते. सहीची जागा मात्र इंग्रज अधिकाऱ्याची होती.

या जहाजावर एक डॉक्टर-निसर्गवैज्ञानिक नेमलेला असे. १८८८ ते १८९२ या काळात ते काम आल्फ्रेड अल्कॉक याच्याकडे होते. खोल पाण्यात जाळे सोडून त्याने वर काढलेले मासे, खेकडे, कोळंब्या यांपैकी कित्येक शास्त्राला नवीन होते. त्यांची चित्रे काढली कलकत्त्याच्या ए. सी. चौधरी आणि एस. सी. मंडल या चित्रकारांनी, आणि छापील पानांवर त्यांची नावे आली. अल्कॉकचे प्रवासवर्णनपर पुस्तक १९०२ मध्ये प्रसिद्ध झाले. खोली मोजायला निघालेल्या जहाजाने त्या खोलीत कोण राहते तेही सांगितले.

आवाजाने मोजलेला तळ

विसाव्या शतकात दोर गेला आणि आवाज आला. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. जहाजाच्या तळातून सोडलेला आवाज आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजले की खोली कळते. सुरुवातीला जहाजाच्या थेट खालचाच तळ कळे. आता एका वेळी अनेक किरण पंख्यासारखे पसरवून दोन्ही बाजूंचा पट्टा मोजता येतो. ओळींमधली फट प्रथमच बुजू लागली.

स्वातंत्र्यानंतर खाते देहरादूनला गेले आणि नौदलाचा भाग झाले. जलसर्वेक्षणाचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था आज गोव्यात आहे. 'दर्शक' हे सर्वेक्षण-जहाज विशाखापट्टणमच्या गोदीत बांधले गेले आणि १९६४ मध्ये नौदलात आले. कोलकात्यात बांधलेले 'संधायक' १९८१ मध्ये दाखल झाले, चाळीस वर्षांत त्याने २०० हून अधिक मोठी सर्वेक्षणे केली आणि जून २०२१ मध्ये निवृत्त झाले. त्याच नावाचे नवे, ११० मीटर लांबीचे जहाज ३ फेब्रुवारी २०२४ रोजी नौदलात आले. 'निर्देशक' त्याच वर्षीच्या डिसेंबरात. शेजारच्या बेट-देशांसाठी आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यासाठीही भारतीय जहाजे मोजणी करून देतात. ज्यांच्या आरमाराने मुंबईतून जाऊन इतरांचे किनारे मोजले त्यांचा हेतू आपण पाहिला. आपण मोजतो तेव्हा आपला हेतू काय असावा, हा प्रश्न आता आपल्यालाही लागू आहे.

भारताच्या किनाऱ्याची लांबी शाळेत आपण ७,५१६ किलोमीटर अशी पाठ केली. ती १९७० च्या दशकातल्या हिशेबाने होती. अलीकडे बारीक प्रमाणाच्या नकाशांवरून ती पुन्हा मोजली गेली आणि ११,०९८ किलोमीटर भरली. महाराष्ट्राचा किनारा साडेसहाशेवरून ८७७ वर गेला. यात एक मीटरभरही नवी जमीन तयार झालेली नाही. मोजपट्टी बारीक झाली, एवढेच. खाड्या आणि वळणे होतीच. आधीच्या नकाशाला ती दिसत नव्हती. आजही जगातल्या समुद्रतळाचा जेमतेम एक-चतुर्थांश भाग नीट मोजलेला आहे.

कोऱ्या जागेवर आपटणे

८ जानेवारी २००५ रोजी ग्वाम बेटापासून काहीशे किलोमीटरवर 'सॅन फ्रान्सिस्को' ही अमेरिकी अणुपाणबुडी भर वेगात समुद्रातल्या डोंगरावर आदळली. एक नौसैनिक दगावला, शंभराच्या आसपास जखमी झाले. अधिकारी वापरत असलेल्या नकाशावर तिथे डोंगर नव्हता. चौकशीत निघाले की दुसऱ्या एका नकाशावर त्या परिसरात पाण्याचा रंग वेगळा दिसल्याची नोंद होती. म्हणजे कुणाला तरी काही तरी दिसले होते. ते वापरातल्या कागदापर्यंत पोहोचले नव्हते.

आता लातूरकडे येऊ. १९८४ च्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात लातूर-उस्मानाबादचा हा भाग क्षेत्र १ मध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दख्खनचे पठार जुने, घट्ट, स्थिर असे सगळेच मानत. कोयनेबद्दलही तसेच मानत होते. ११ डिसेंबर १९६७ च्या तिथल्या भूकंपानंतर नकाशा सुधारावा लागला, पण इथल्या रंगाकडे कोणाचे लक्ष गेले नाही. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात किल्लारी परिसराला लहान लहान धक्के बसत होते. लोकांना ते जाणवत होते, लोक ते सांगतही होते. पण तांडेलाचे बोलणे सर्वेक्षकाच्या वहीत लिहिले जाई, तसे किल्लारीकरांचे बोलणे कुठल्या नकाशात लिहिले गेले नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. दगड-मातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे गेली. बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली.

नंतर हैदराबादच्या भूभौतिक संस्थेने किल्लारीत ६१७ मीटर खोल विंधण घेतले. सुमारे ३३८ मीटर बसाल्टचे थर, त्याखाली गाळाचा पातळ थर, आणि मग अतिप्राचीन पाया. आपण ज्या काळ्या पाषाणावर पिढ्यान्‌पिढ्या घरे बांधत आलो, त्याची जाडी त्या जागी तेव्हा प्रथम मोजली गेली. २००२ मध्ये भूकंपनकाशा बदलला. क्षेत्र १ रद्दच झाले. भारतात भूकंपाची अजिबात भीती नाही असा भाग नाही, हे मान्य झाले. किल्लारीचा परिसर क्षेत्र ३ मध्ये गेला.

१९९३ पूर्वीच्या नकाशाने कोणाला जाणूनबुजून फसवले नाही. त्याने जुन्या, नोंदलेल्या भूकंपांवरून रंग भरले होते. नोंद नाही, म्हणून धोका कमी. इथे घोटाळा झाला. "इथे भूकंप होत नाहीत" आणि "इथे मोजायला कोणी नव्हते" या दोन विधानांना नकाशाने एकच रंग दिला होता.

पाण्याचेही तसेच. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते आणि त्यावरून तालुक्याचा नकाशा रंगतो. पण बसाल्टमध्ये शेजारच्या शेतातले पाणीही आपल्या शेतात असेल याची खात्री नसते. दोन निरीक्षण विहिरींच्या मधे पाणी किती आहे, हे दोन खोली-आकड्यांच्या मधल्या सुळक्याइतकेच अज्ञात आहे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. त्या टंचाईच्या मागे पाऊस होता, ऊस होता, नियोजन होते. पण जमिनीत किती पाणी शिल्लक आहे हे शेतागणिक न कळता उपसा चालू ठेवणे, हेही होते.

नकाशाच्या कोपऱ्यातला तक्ता

सागरी नकाशा काढणाऱ्यांनी यावर एक उपाय शोधला, आणि तो मला त्यांच्या सगळ्या जहाजांपेक्षा मोठा वाटतो. कागदी सागरी नकाशाच्या कोपऱ्यात एक छोटा तक्ता असतो. त्यात तोच किनारा पुन्हा काढलेला असतो आणि तुकडे पाडून लिहिलेले असते: हा भाग अमुक साली, अमुक प्रमाणावर मोजला, हा भाग शिशाच्या दोराने मोजला, हा भाग जुन्या नकाशावरून घेतला, हा भाग मोजलेला नाही. संगणकीय नकाशांवर आता प्रत्येक तुकड्याला विश्वासार्हतेची श्रेणी असते. वरच्या श्रेणीचा अर्थ पूर्ण तळ धुंडाळलेला. खालच्या श्रेणीचा अर्थ सांभाळून. आणि एक श्रेणी अशीही आहे जिचा अर्थ "तपासणीच झालेली नाही" एवढाच. कप्तान आकडा वाचण्याआधी ही श्रेणी वाचतो. आपण किती जाणतो हे सांगण्याबरोबर किती जाणत नाही हेही त्याच कागदावर छापणे, हा या सगळ्या इतिहासाचा अर्क आहे.

माझे म्हणणे एवढेच की हा तक्ता जमिनीवरच्या नकाशांच्या कोपऱ्यातही यायला हवा. भूकंपक्षेत्राच्या नकाशात: या तालुक्यात भूकंपमापक आहे का, कधीपासून आहे. भूजलाच्या नकाशात: या गावाचा रंग किती विहिरींवरून भरला, शेवटची मोजणी कधीची. पूररेषेच्या नकाशात: नांदेडच्या गोदाकाठच्या कुठल्या वस्तीचे तळ-उंचीचे आकडे प्रत्यक्ष घेतले आणि कुठले अंदाजाने जुळवले. रंग कोणी भरला हे विचारायला गावाला अधिकार हवा. आणि त्यात एक रकाना लोकांच्या सांगण्याचाही हवा: धक्के बसले, विहिरीला अचानक पाणी आले वा गेले, जमीन खचली. सर्वेक्षकाने कोळ्याचे म्हणणे लिहून घेतले म्हणून त्याचा नकाशा कमी शास्त्रीय झाला नाही. झाला असेल तर अधिक विश्वासार्ह झाला.

हे काम मोठ्या जहाजाचे नाही. शाळा, महाविद्यालये, ग्रामपंचायती करू शकतात असे आहे. नांदेड आणि लातूरमधल्या भूगोल आणि भूशास्त्राच्या विभागांनी एकेक तालुका घेऊन उपलब्ध नकाशांचा असा तक्ता तयार केला, तर पहिल्या वर्षातच कळेल की आपण किती मोठ्या भागाला मोजल्याशिवाय "सुरक्षित" म्हणत आलो आहोत. तो तक्ता जिल्हा परिषदेच्या भिंतीवर लागला पाहिजे आणि दरवर्षी बदलला पाहिजे. ज्या भागाला खालची श्रेणी मिळेल तिथे पुढच्या वर्षी आधी मोजणी व्हावी. ज्या शिक्षकांच्या नावाने आपण जमलो आहोत, त्यांच्या विषयाचे आज एवढेच मागणे आहे, आणि ते पुरे करणे आपल्या हातात आहे.